पाणवठ्यावरचे गिधाड

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असा निरोप आला तेव्हा शिक्षण, वसतिगृह किंवा विद्यार्थी चळवळ यांपैकी एखादा विषय आम्ही घ्यावा, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असणार हे आम्ही जाणून होतो. त्या विषयांवर लिहिणारी अधिकारी मंडळी या अंकात आहेतच. आम्ही मात्र आमच्या केनियाच्या प्रवासाविषयी आणि तेथे टिपलेल्या पशुपक्ष्यांच्या छायाचित्रांविषयी लिहिणार आहोत. जंगलात जाऊन पाखरांची छायाचित्रे काढणे हा सुखवस्तू लोकांचा छंद. आपल्या मुलाबाळांचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांस ज्या पाखराने दिले त्याचीच ही हकिकत आहे.

पक्षी पाहण्याची सवय आम्हांस माधवनगरातच लागली. कृष्णाकाठचे गायबगळे आणि खंड्या, विजेच्या तारेवर बसलेली कापशी घार, शिवारातला नीलपंख ही आमची पहिली मुळाक्षरे. पुढे रविवारी सागरेश्वरला जाऊ लागलो. उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून, जोपासून उभे केलेले ते अभयारण्य. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून ते आकारास आले, १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि त्याचे क्षेत्र अवघे ११ चौरस किलोमीटरच्या आत आहे. हिवाळ्यात खटाव तालुक्यातील मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर दूरदेशीचे पाहुणे उतरतात, तेथेही आमची फेरी चुकत नसे. कन्येने नोकरी लागल्यावर आम्हांस कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेऊन दिली. पोस्टातील आवर्ती ठेवीत सहा वर्षे पैसे साठले, आणि दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयतांनी केनियास जाण्याचे निश्चित केले. पीतज्वराची लस दहा दिवस आधी टोचून घेतली. व्हिसा संगणकावर आला. त्याचा छापील कागद पिशवीत जपून ठेवला.

सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईस निघालो. रात्री कऱ्हाड मागे पडले की थोड्याच वेळाने मसूर येते. आमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकास या स्थानकावरून झोपेत जाता येत नाही. १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून येऊन याच मसूरला उतरले होते. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे खोदकाम चालू होते. मुलांची जात कळताच गाडीवान बसवून घेईनात. अखेर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, ती मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. सोबत शिदोरी होती, परंतु वाटेत पाणी कोणी दिले नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी ज्या आठवणींत लिहून ठेवली, त्यांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. काळोखात मसूरचे दिवे मागे गेले तेव्हा आम्ही पिशवीतला तो छापील कागद पुन्हा एकदा चाचपून पाहिला. ज्या खटाव तालुक्याच्या वाटेवर त्या मुलांना पाणी मिळाले नाही, त्याच तालुक्यातील तलावांवर आज आमच्यासारखे लोक दुर्बिणी घेऊन बसतात. हे अंतर एका शतकाचे आहे आणि ते आपोआप कापले गेलेले नाही.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला, अर्थ प्रवास. मुळात तो अरबीतून आलेला. आपल्या मराठीतील ‘सफर’ त्याच घरची. परंतु जगभर तो रूढ झाला तो गोऱ्या शिकाऱ्यांमुळे. पुढे बंदुकीवाला साहेब आणि मागे डोक्यावर ओझी घेतलेली काळ्या हमालांची लांबलचक रांग, हे सफारीचे जुने रूप होते. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेथे गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली. कॅमेराही बंदुकीच्या सोबतीनेच जंगलात शिरला. कार्ल शिलिंग्ज या जर्मन शिकाऱ्याने पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या काळोखात झगझगीत प्रकाश पाडून वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेतली आणि १९०५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने बंदूक बाजूला ठेवून वाघांची छायाचित्रे काढली. त्यांचा ग्रंथ १९२७ सालचा. ते साल वाचकांच्या ओळखीचे आहे, आणि पुढे आम्हांस त्याच्याकडे वळायचे आहे.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुका गेल्या, पण शिकाऱ्यांची यादी राहिली. आजही प्रत्येक प्रवासी ‘बिग फाइव्ह’ पाहण्यासाठी धडपडतो: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. ही पाच जनावरे मोठी म्हणून निवडलेली नाहीत. जिराफ रानरेड्याहून कितीतरी उंच आणि पाणघोडा त्याच्याहून अवजड, तरी त्यांना त्या पंक्तीत स्थान नाही. पायी चालत जाऊन मारण्यास जी सर्वांत अवघड आणि धोक्याची, ती ही पाच. म्हणजे बघणाऱ्याने काय पाहावे हे मारणाऱ्याने ठरवून ठेवले आणि बंदूक हातातून गेल्यावरही नजर तीच राहिली. इतिहास शिकवणाऱ्यास हा प्रकार नवा नाही. सत्ता जाते, तिने लावलेली उतरंड मात्र मागे राहते.

नैरोबीहून मोटारीने मसाई माराचे अभयारण्य पाच-सहा तासांच्या अंतरावर. १,५१० चौरस किलोमीटरचा हा गवताळ प्रदेश. ‘मारा’ या मसाई शब्दाचा अर्थ ठिपकेदार. झाडाझुडपांचे ठिपके पडलेले ते विस्तीर्ण रान उंचावरून पाहिले की नाव पटते. ज्यांच्या भाषेतले हे नाव, त्या मसाई गुराख्यांना ब्रिटिशांनी १९०४ आणि १९११ च्या करारांनी उत्तरेकडील उत्तम कुरणांतून दक्षिणेस हलवले होते. आमचे वाहनचालक आणि वाटाडे एक मसाई गृहस्थ होते. आम्ही शिक्षक असल्याचे कळल्यापासून ते आम्हांस ‘म्वालिमू’ म्हणू लागले. स्वाहिलीत म्वालिमू म्हणजे गुरुजी. त्यांचा थोरला मुलगा निवासी शाळेत शिकत होता आणि त्याच्या फीची जुळवाजुळव हा त्यांचा रोजचा विषय होता. आमचे लवकर जमले.

छायाचित्रणाची तेथली रीत वेगळी. गाडीतून खाली उतरण्यास मनाई, त्यामुळे तिकाटणे निरुपयोगी. तांदूळ भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या काठावर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. जनावर दिसले की वाटाडे गाडीचे इंजिन बंद करीत, कारण त्याच्या थरथरीने चित्र पुसट होते. पहाटे साडेसहा ते नऊ आणि सायंकाळचे दोन तास एवढाच काय तो चांगला उजेड. मधल्या वेळी तापलेल्या जमिनीवरची हवा हलत राहते आणि दूरचे प्राणी पाण्यात पाहिल्यासारखे दिसतात.

पहिल्या दोन दिवसांत परकेपणा उरला नाही, तो पाखरांमुळे. हत्तीच्या पायांशी गवतातून किडे टिपणारे गायबगळे अगदी कृष्णाकाठचेच. पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत सूर मारणारा काळा-पांढरा खंड्या आमच्या ओळखीचा, शेंड्यावरची कापशीही तीच. जांभळ्या छातीचा नीलपंख आपल्या नीलपंखाचा सख्खा चुलतभाऊ शोभावा असा. फांदीवरून झेपावताना त्याच्या पंखांतले निळेपण टिपण्यासाठी सेकंदाचा दोन-हजारावा भाग एवढ्या वेगाने कॅमेरा चालवावा लागला. कोरी बस्टर्ड हा भारदस्त पक्षी गवतातून चालताना पाहिला आणि सोलापूरकडचा माळढोक आठवून मन कासावीस झाले. वाटाड्यांना आम्ही चातकाविषयी सांगितले. पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून तो आमच्या शिवारात येतो, हे ऐकून त्यांनी हसत विचारले, ‘‘त्याला कोणी व्हिसा मागत नाही ना?’’ मसूरची हकिकत आम्ही त्यांना त्यानंतर सांगितली. ती ऐकून बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे आकाशात गिधाडे खाली उतरताना दिसली आणि वाटाड्यांनी गाडी त्या दिशेने वळवली. गिधाडे उतरतात तेथे शिकार पडलेली असते. सिंह शोधण्याची ही खात्रीची खूण. एका विल्डबीस्टच्या सांगाड्याभोवती तरसे होती, थोड्या अंतरावर पोट भरलेली सिंहीण पहुडली होती, आणि कडेने पांढऱ्या पाठीची तसेच रुपेल जातीची मिळून चाळीसेक गिधाडे. काही वेळाने चेहऱ्यावर कातडीच्या लोंबत्या घड्या असलेले एक थोराड गिधाड आले आणि बाकीची बाजूला सरकली. राठ कातडे फाडण्याची ताकद त्याच्याच चोचीत असते. शेजारी आणखी पाच गाड्या होत्या. सर्व कॅमेरे सिंहिणीकडे वळलेले. तेवढ्यात कोणीतरी मोठ्याने म्हणाले की ‘अग्ली फाइव्ह’चा संच आज पूर्ण होणार. या दुसऱ्या यादीची आम्हांस कल्पना होती. तरस, विल्डबीस्ट, वॉर्टहॉग हे सुळेवाले रानडुक्कर, मराबू करकोचा आणि गिधाड, ही ती पाच कुरूप. प्रवाशांच्या करमणुकीसाठी केलेली ही यादी. पण नीट पाहिले तर त्या पाचांतील तिघे मेलेले खाऊन रान स्वच्छ ठेवणारे आहेत. जो घाण काढतो तोच घाणेरडा, हे समीकरण आम्हांस इतक्या दूर, सुटीच्या दिवशी आणि हसत हसत ऐकायला मिळाले.

तरसाची गोष्ट तर इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. सिंह मारतो आणि तरस उष्टे खातो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. टांझानियातील न्गोरोंगोरो येथे हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने रात्री-अपरात्री तरसांच्या मागे फिरून नोंदी केल्या. त्यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री शिकार तरसे करीत, सिंह येऊन ती बळकावीत, आणि तरसे उरलेल्या घासासाठी भोवती थांबत. सकाळी उजाडल्यावर येणाऱ्या माणसास दिसे ते एवढेच: सिंह जेवतो आहे आणि तरस लाळ गाळतो आहे. साक्षीदार उशिरा आला आणि त्याने बळकावणाऱ्यास राजा ठरवले. आपल्या देशाचा इतिहास अशा उशिरा आलेल्या साक्षीदारांनी किती लिहिला, याचा विचार वाचकांनी करावा.

आम्ही त्या सकाळी दोन तास गिधाडेच टिपली. काम सोपे नव्हते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड धरतो. उजळ आकाशात काळपट पाखरू उडत असेल तर तो आकाशाला जपतो आणि पाखराचा नुसता काळा डाग होतो. चेहरा दिसायला हवा असेल तर यंत्राचे न ऐकता उजेड हाताने वाढवावा लागतो. रंगीत फिल्मच्या काळात माणसांच्या बाबतीतही असेच घडले. कोडॅक कंपनीच्या ‘शर्ली कार्ड’वर गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असे, आणि रंग बरोबर आले की नाही हे छपाईच्या वेळी तिच्या कातडीवरून ठरे. परिणामी काळी माणसे छायाचित्रात पुसट, ओळखू न येणारी होत. यंत्र निःपक्षपाती असते हा समज खरा नाही. ते कोणाला प्रमाण मानून बनवले, हे विचारावे लागते.

उजेड वाढवल्यावर जे दिसले ते विलक्षण होते. रुपेलच्या पिसांवर खवल्यांसारखी फिकट नक्षी, डोळा पिवळसर आणि शांत. हे पाखरू किती उंच जाते याचा दाखला १९७३ चा आहे: पश्चिम आफ्रिकेतील आबिजान शहरावर ११ हजार मीटरहून अधिक उंचीवर एक रुपेल गिधाड विमानाला धडकले होते. भगवान बुद्धांनी राजगृहाच्या ज्या टेकडीवर उपदेश केला तिचे नाव गृध्रकूट, गिधाडाचे शिखर, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. त्या नावाचा संकोच बौद्ध परंपरेस कधी वाटला नाही.

आता १९२७ कडे वळतो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, हीनपणाची कामे टाका, असे आवाहन केले आणि २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आमचे मूळ गाव माणदेशातले. गावातली मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम आमच्या आजोबांकडे परंपरेने लादलेले होते, आणि वडिलांनी लहानपणी त्या दोराला हात लावलेला आहे. गावाचे बोलावणे येण्याआधीच गिधाडे वस्तीला खबर देत, असे ते सांगतात. आकाशात घिरट्या दिसल्या की आजी म्हणे, ‘‘चला, आलं काम.’’ १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीने एकमुखाने दोर टाकला. त्यापुढचे दिवस कठीण गेले. बलुते बंद झाले, वाटा अडल्या. आजोबा कुटुंब घेऊन माधवनगरला आले आणि पुढे वडील कापड गिरणीत लागले. आम्ही शिकलो ते त्या टाकलेल्या दोरामुळे.

आम्ही लहान असताना सुटीत गावी गेलो की ओढ्यापलीकडे गिधाडे दिसत. आज ती दिसत नाहीत. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक त्यांच्या मुळावर आले. औषध दिलेले जनावर मेल्यावर गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. हे कारण २००४ मध्ये उघड झाले, भारताने २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आणली. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक संपली होती. मेलेल्या जनावरांवर कुत्री वाढली आणि पिसाळण्याची भीतीही. आफ्रिकेतही संकट आहेच. शिकारचोर मेलेल्या हत्तीवर विष टाकतात, कारण वर घिरट्या घालणारी गिधाडे वनरक्षकांना जागा दाखवतात. २०१५ पासून आम्ही पाहिलेल्या रुपेल आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची गणना अतिसंकटग्रस्तांत होते.

येथे एक सावधगिरी हवी. गिधाड निसर्गाचा सफाई कामगार, त्याने आपले नेमून दिलेले काम करावे, असे कौतुक हल्ली सर्रास ऐकू येते. या भाषेपासून आपण दूर राहिलेले बरे. गिधाडाला कोणी नेमलेले नाही. ते भुकेपोटी येते आणि पोट भरले की उडून जाते. आमच्या आजोबांना उडून जाण्याची मुभा नव्हती. निसर्गातील उदाहरणे देऊन माणसांची उतरंड पवित्र ठरवणारे पुष्कळ झाले. श्रमांची वाटणी निराळी आणि श्रमिकांनाच जन्मावरून कप्प्यांत कोंडणे निराळे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच स्पष्ट केले होते. गिधाडाचा गौरव करावा, जरूर करावा. पण त्याच्या आडून दोराचा गौरव होता कामा नये.

त्याच दुपारी तालेक नदीच्या काठी वाटाड्यांनी गाडी थांबवली. पोटभर जेवलेली गिधाडे उथळ पाण्यात उतरली होती. मान बुडवीत, पंख आपटीत त्यांनी यथेच्छ स्नान केले आणि मग वाळूवर पंख पसरून उन्हात उभी राहिली. खालच्या अंगाला दहा-बारा पावलांवर झेब्रे त्याच प्रवाहाचे पाणी पीत होते. एकाही झेब्र्याने मान वर केली नाही. ते छायाचित्र आमच्या सबंध प्रवासातले सर्वांत साधे आहे.

परत आल्यावर वडिलांना सर्व छायाचित्रे दाखवली. सिंह, हत्ती, नीलपंख त्यांनी भराभर पाहिले. या छायाचित्रापाशी थांबले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

‘‘ह्याला त्या पाण्यावरनं कोण हाकलत न्हाय?’’

‘‘न्हाय, अण्णा.’’

बराच वेळ गेला. हे छायाचित्र मोठे करून बैठकीच्या खोलीत लावावे असा आमचा विचार असल्याचे आम्ही सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘भिंतीवर नगं. पोरांना दाव, समजावून सांग. पर भिंतीवर नगं.’’

कारण त्यांनी दिले नाही आणि आम्ही विचारले नाही. आमच्या बैठकीत आज नीलपंख आहे.

अण्णांच्या शब्दाप्रमाणे ते छायाचित्र मुलांकडे येत आहे. केनियाच्या चाळीस छायाचित्रांचा संच, प्रत्येकाखाली मराठीत माहिती लिहून, आम्ही संस्थेच्या ग्रंथालयास देत आहोत. आमचा जुना कॅमेराही सोबत आहे; रविवारी वसतिगृहातील विद्यार्थ्यांस तो चालवायला शिकवण्याची जबाबदारी आमची. त्याबरोबर एक कोरी वही ठेवली आहे. सुटीत घरी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा: आपल्या गावात गिधाडे कोठे बसत, शेवटची केव्हा पाहिली, मेलेले जनावर कोण ओढीत असे, आणि दोर कोणत्या वर्षी टाकला. ते सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, तारीख-वार घालून वहीत उतरवा. पाखरांची गणना करणाऱ्यांच्या कागदांत हे सापडत नाही आणि गावच्या दप्तरातही नाही. सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. अण्णांची हकिकत पहिल्या चार पानांवर आहे. पाचव्या पानापासून वही मोकळी आहे.

जयभीम.